आतील वस्तू : धूर

६ जून

आदरणीय व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे, ते आधी कळवावं.

पत्र बघून आपण चकित व्हाल. फोन करता आला असता. पण आपल्याकडचा फोन बेकरीच्या गल्ल्यावर असतो आणि तो सध्या आमच्या सूनबाई उचलत असाव्यात असा माझा अंदाज आहे. आमच्याकडचा म्हणाल, तर मी मोबाइलवर बोललो की शेजारच्या इमारतीलाही ऐकू जातं असं आमच्या हिचं म्हणणं आहे, आणि चिरंजीव तर शेजारच्याच खोलीत असतात. म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच द्यावं, आणि मुलांना यातलं काही कळू नये.

'अंदाज' म्हणतो, कारण ठाम माहिती नाही. सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. खात्री नसेल तिथे मी सही करत नाही. जे घडलं ते असं.

गेल्या रविवारी दोघं मोटारसायकलवरून बाहेर पडली. सूनबाई चालवत होत्या. त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात, त्यांना मागे बसवायची हिंमत आमच्या घरात कुणाचीच नाही. चिरंजीव मागे बसले होते आणि त्यांच्या हातात मीटर होता. मीटर कशाचा, ते सांगतो. गाडीच्या सायलेन्सरमध्ये त्यांनी एक सेन्सर बसवलाय. धुरात प्राणवायू किती उरला ते तो हुंगतो, आणि त्यावरून इंजिनात एक भाग पेट्रोलमागे किती भाग हवा गेली याचा आकडा मीटरवर येतो. आकडा लहान असेल तर पेट्रोल जास्त, मोठा असेल तर हवा जास्त. गेले चार महिने चिरंजीव मागे बसून हे आकडे मोठ्याने वाचतात आणि घरी आल्यावर कार्बोरेटर उघडून बसतात.

मोठ्या चौकात सिग्नल लागला. चिरंजीव सायलेन्सर बघायला खाली उतरले. सिग्नल हिरवा झाला आणि सूनबाई निघून गेल्या. वायर ताणली गेली आणि तुटली. चिरंजीव मीटर हातात धरून चौकात उभे. मीटरवर नुसत्या दोन आडव्या रेघा.

चिरंजीव ठणठणीत आहेत, काळजी नसावी. चष्म्याच्या दुकानात वेळेवर जातात. परवा एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासताना 'हे बरं दिसतं की हे?' असं विचारता विचारता स्वतःच रडले, असं दुकानमालक म्हणाले. पण डोळ्यांचंच दुकान आहे, डोळ्यांत पाणी यायचंच.

विनंती एवढीच, की सायलेन्सरमधला सेन्सर काढून पाठवावा. ती जोडीची वस्तू आहे. एक इथे आणि एक तिथे, हे बरं नव्हे.

आपला,
व्याही


११ जून

व्याहीबुवा, नमस्कार हो!

गुडघा जिन्यावर बोलतो, सपाटीवर गप्प असतो. तुमची वस्तू आमच्याकडेच आहे. सेन्सरही आहे आणि लेकही आहे.

रविवारी संध्याकाळी मी बिस्किटांचे ट्रे लावत होतो, तर गल्लीत एवढा काळा धूर आला की मला वाटलं माझीच भट्टी पेटली. बादली घेऊन धावलो. धुरातून लेक बाहेर आली. चेहरा काजळीने माखलेला, दात तेवढे पांढरे. वाटेत रागाने कार्बोरेटरचा स्क्रू कसाही पिळून आली होती, हे मला नंतर कळलं. म्हणाली, "बाबा, बादली ठेवा आणि काहीतरी खायला द्या." मी विचारलं, जावईबापू कुठे? म्हणाली, "सिग्नलला." मला वाटलं येतायत मागून. अहो, त्यांच्यासाठी मी चार क्रीम रोल काढून ठेवले! दुसऱ्या दिवशी मीच खाल्ले, काय करणार.

आता नीट ऐका, कारण हे गंभीर आहे. लेक म्हणते, गाडी धड चालायला लागली की मी निघणार. तुमच्याकडे यायचं की नाही, ते तेव्हा गाडीवर बसल्यावर ठरवणार. पण दुसऱ्या एका गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलने तिला बोलावलंय, वीस जुलैला हजर व्हा म्हणून. तोवर गाडी सुधारली नाही, तर ती भंगारात देणार आणि बसने सरळ तिकडे जाणार. तेव्हा व्याहीबुवा, तुमच्याकडे येणारा रस्ता या गाडीतूनच जातो.

सेन्सर मागून बघितला. म्हणाली, "काढला तर पाइपला भोक पडेल. त्याला हवा असेल तर त्याने यावं." बरं, मग मीटर मागवू का म्हटलं, तर केवढी भडकली! "मला आकडे नकोत. मी कानाने लावीन." दिवसभर गाडीशेजारी मांडी ठोकून बसते, स्क्रू फिरवते आणि डोळे मिटून ऐकते. तुमची विहीण तिला म्हणाली, अगं निदान सावलीत बस. तर म्हणे, सावलीत आवाज वेगळा येतो.

बाकी ती मजेत आहे. झोपत नाही, जेवत नाही, पण मजेत आहे.

जावईबापूंना एक विचारा. सिग्नलच्या आधी तिने त्यांना काय विचारलं होतं? मी खोदून खोदून विचारलं, तर "त्यालाच विचारा" एवढंच म्हणते आणि पाव असा कापते की मला पावाची दया येते.

तुमचा,
बेकरीवाला व्याही


१६ जून

आदरणीय व्याहीबुवा,

विचारलं. चिरंजीव म्हणाले, "तिने विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं." एवढं बोलून खोलीत गेले. म्हणजे प्रश्न होता, उत्तरही होतं, तरी सून आपल्याकडे. दोन्ही तराजू बरोबर असून वजन जुळत नाही, असा प्रसंग माझ्या नोकरीत आला नव्हता.

मीटर मात्र ते द्यायला तयार नाहीत. जेवणाच्या टेबलावर सूनबाईंच्या खुर्चीसमोर तो मांडून ठेवलाय. बॅटरी जोडून चालू करतात आणि त्या दोन रेघांकडे बघत जेवतात. काल आमच्या हिने चुकून मीटरलाच वाढलं.

आपण लिहिलेली तारीख वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. सूनबाई कानाने लावतात हे ठीक आहे, पण कान हे मोजण्याचं साधन नव्हे. मी आजवर एकाही कानावर सरकारी शिक्का मारलेला नाही. गाडी वेळेत सुधारायची तर मोजूनच सुधारायला हवी. त्यासाठी उपाय शोधलाय.

चिरंजीवांच्या खोक्यात एक जादा सेन्सर सापडला. कुकरच्या झाकणाची शिट्टी काढून तिथे तो घट्ट बसवला. चिरंजीव दुकानात गेले की मीटर याला जोडता येतो. आपण तिथला धूर पाठवा. मी तो कुकरमध्ये सोडून मोजतो आणि कार्बोरेटरचा स्क्रू किती फिरवायचा ते कळवतो. आपण तो फिरवायचा. मुलांना पत्ता लागणार नाही.

धूर घेताना काच स्वच्छ असावी. झाकण तत्काळ लावून मेणाने बंद करावं. नमुने दोन असावेत, म्हणजे शंका राहत नाही.

आपला,
व्याही


२१ जून

व्याहीबुवा,

धूर रवाना केला!

लेक दुपारी जरा आडवी झाली, तेवढ्यात गाडी गल्लीच्या टोकाला ढकलत नेली आणि सुरू केली. बिस्किटांच्या दोन बरण्या घेतल्या होत्या. धुतल्या, पुसल्या, भट्टीवर कोरड्या केल्या. अगदी रिकाम्या, तुम्हाला हव्या तशा. सायलेन्सरला तोंड लावलं, भरल्या, झाकणं लावली, मेण ओतलं. माझ्या बाह्या अजून पेट्रोलच्या वासाच्या आहेत आणि आज एक गिऱ्हाईक पाव हुंगून परत ठेवून गेलं.

पण खरी मजा पोस्टात झाली. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, काही नाही. "मग पाठवताय कशाला?" म्हटलं, तसं आहे, पण दिसत नाही. मागे रांग लागली होती. शेवटी म्हटलं, धूर आहे. "पेटता?" "नाही हो बाई, वापरलेला." त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी बरणी कानाशी धरून हलवली. कशाला, ते त्यांनाच ठाऊक! मग वजन केलं आणि म्हणाले, हे तर बरणीचंच वजन आहे, मालाचं काहीच नाही. मी म्हटलं, आमचे व्याही वजनमापांतले मोठे अधिकारी होते, त्यांना विचारा. तुमचं नाव काढल्यावर गप्प बसले. पावतीवर लिहून दिलंय, 'आतील वस्तू : धूर'. मी ती बेकरीत फ्रेम करून लावणार आहे.

आता दुसरी गोष्ट. जावईबापू म्हणतात उत्तर दिलं होतं, हे लेकीला सांगितलं. म्हणजे तुमचं पत्र आलंय हे नाही सांगितलं, आपलं सहज म्हटलं, "त्यांनी दिलं असेल गं उत्तर." तर फणा काढून उभी! "उत्तर? बाबा, चढावर गाडी छान चढत होती. इतकं बरं वाटत होतं की मी मान वळवून विचारलं, 'तू खुश आहेस का रे माझ्याबरोबर?' तर मागून आवाज आला, 'तेरा दशांश दोन.'"

अहो व्याहीबुवा! माझ्या बायकोने असं विचारलं असतं आणि मी म्हटलं असतं 'दोन डझन पाव', तर मी आज भट्टीत असतो.

मग ती उठून पुन्हा गाडीशेजारी जाऊन बसली. तुमच्या मुलाला मी वाईट म्हणत नाही, पण लेकीसाठी जीव तुटतो हो.

तुमचा,
बेकरीवाला


२७ जून

आदरणीय व्याहीबुवा,

बरण्या पोचल्या. पोस्टमन त्या जिन्याखालीच ठेवून पळाला.

आमच्या हिने कुकर धरला, मी बरणी उलटी केली. मीटर बराच वेळ विचार करत होता. मग आकडा चढत चढत विसाच्या वर गेला आणि थांबला, कारण मीटरची मजल तिथेच संपते. दुसऱ्या बरणीचंही तेच. अर्थ उघड आहे. इंजिनात पेट्रोल जवळजवळ जातच नाही, नुसती हवा जातेय. सूनबाई कानाने लावत बसल्या आणि गाडी वाऱ्यावर आली!

तेव्हा स्क्रू दोन फेरे बाहेर काढावा, म्हणजे पेट्रोल वाढेल. शिवाय पाकिटात एक जेट ठेवलंय. जेट म्हणजे भोक असलेला पितळी खिळा. त्या भोकातून पेट्रोल जातं. जुनं काढून हे मोठ्या भोकाचं बसवावं. नंतर नवीन धूर पाठवावा.

'तेरा दशांश दोन' हे उत्तर आमच्या हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हा तुमच्यावर गेलाय." लग्नानंतर नव्या कपड्यांत तिने मला विचारलं होतं, मी कशी दिसते, आणि मी म्हणे तिची उंची सांगितली. उंची बरोबर होती. त्यामुळे चिरंजीवांकडे चौकशी पुढे नेली नाही. या घरात त्या विषयावर बोलायला मला तोंड नाही.

आपला,
व्याही


३ जुलै

व्याहीबुवा,

तुमच्या हुकमाप्रमाणे सगळं केलं. पहाटे पहिली भट्टी लागते तेव्हा लेक झोपलेली असते. मैद्याच्या गोण्यांआड गाडी नेतो आणि स्क्रू फिरवतो. जेटही बसवलं. पहिल्यांदा चुकून ते बिस्किटाच्या पिठात पडलं होतं, पण चाळणीत सापडलं.

पण मला एक सांगा, हे बरोबर होतंय ना? कारण आता गाडी सुरू केली की गल्लीत अंधार होतो. समोरच्यांनी धुतलेल्या चादरी पुन्हा धुतल्या आणि माझ्याशी बोलणं टाकलं. प्लग काढून बघितला, तर कोळशासारखा काळा आणि ओला. तुमचा मीटर म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, आणि माझं नाक म्हणतं कुणीतरी टाकीच उपडी केलीय. माझं नाक पाव जळायच्या आधी सांगतं हो, ते खोटं बोलत नाही. पण तुम्ही मोठे अधिकारी, मी आपला पाववाला.

आणि लेकीचं काय सांगू. ती रोज संध्याकाळपर्यंत गाडी कानाने नीट लावते. मला तर सुरेख वाटते. सकाळी उठून किक मारते, तर गाडी फटफट करून बंद. पुन्हा लावते, पुन्हा सकाळी तेच. तिला काय माहीत, मधे पहाट असते आणि पहाटे बाप असतो! काल ती रडली, इथे आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "बाबा, माझा कान गेला. मला वाटलं होतं, मला आवाजातलं कळतं, माणसातलं कळतं. कशातलंच काही कळत नाही." बसचं तिकीट काढून आणलंय तिने. भंगारवाल्याला फोन करते म्हणाली.

मी तोंड उघडणार होतो, पण तुम्हाला शब्द दिलाय. सोबत दोन बरण्या. लवकर मोजा, तुमच्या पाया पडतो.

बेकरीवाला


६ जुलै

आदरणीय व्याहीबुवा,

बरण्या मोजल्या. पुन्हा विसाच्या वर. काही उमगत नाही, पण मीटर खोटं बोलत नाही, आणि नाकाला शिक्का नसतो. आता माघार घेतली तर सगळं मुसळ केरात. सोबत याहून मोठं जेट पाठवतोय. स्क्रू पूर्ण बाहेर काढावा. भंगारवाल्याला थोपवून धरावं.

सून परत यावी एवढंच माझ्या मनात आहे. ती गेल्यापासून आमच्या घरात कुणी मोठ्याने हसलेलं नाही.

आपला,
व्याही


१० जुलै

ती. बाबांना,

म्हणजे तुम्हाला. आमच्या बाबांना मी कालपासून बाबा म्हणत नाही, 'अहो बेकरीवाले' म्हणते.

काल पहाटे मला जाग आली ती पेट्रोलच्या वासाने. खाली गेले, तर मैद्याच्या गोण्यांमागून दोन पाय दिसले. चोर समजून मी लाटणं घातलं. चोर ओरडला, "अगं, व्याह्यांनी सांगितलंय!" एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात तुमचं पत्र, आणि दातांत जेट. मग सगळी पत्रं वाचली.

बाबा, मी तुम्हाला उलट बोललेले नाही कधी. आज बोलते. तुम्ही दोघांनी मिळून मला वेडी ठरवलीत. आठवडाभर मला वाटत होतं की माझा कान गेला. ज्या एका गोष्टीचा मला भरवसा होता, तीच गेली. तुमच्याकडे यायची जी काही इच्छा उरली होती, ती रोज पहाटे आमचे बेकरीवाले स्क्रू फिरवून काढून टाकत होते. तुमच्या हुकमाने!

आणि बरणी! रिकाम्या बरणीत काय असतं? हवा असते. मग वरून थोडा धूर गेला, मेण लावलं, पोस्टाने पाठवलं. तुम्ही घरातली हवा मोजत होतात, बिस्किटांच्या बरणीतली. मीटर बिचारा खरंच सांगत होता, 'हवा जास्त आहे.' इथे सायलेन्सरमधून पेट्रोल ठिबकत होतं आणि तिकडून पत्र यायचं, आणखी ओता. तुम्हा दोघांत एकालाही वाटलं नाही की हिला विचारावं.

रागाच्या भरात तिकीट पिशवीत घातलं. मग पहिल्यापासून सगळं खोललं. तुमची जेटं बाहेर काढली, जुनं बसवलं आणि कानाने लावली. आज सकाळी किक मारली, तर पहिल्या किकला चालू. कान गेला नव्हता, बाबा. मी गल्लीत उभी राहून परत रडले, पण ते वेगळं.

मग मला एक करावंसं वाटलं. बेकरीत वाढदिवसाचे फुगे असतात. फुगा रिकामा म्हणजे खराच रिकामा, दाबून चपटा केला की आत काही उरत नाही. सायलेन्सरला रबराची नळी लावली, तिच्या टोकाला केकवर क्रीम काढायची नळी, आणि फुगा घेऊन बेकरीवाल्यांना मागे बसवलं. लाटण्याची शिक्षा म्हणून. गावाबाहेरचा मोठा चढ आहे, तो चढताना ते मागे ओरडत होते, "भरतोय, भरतोय, हळू!" 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' लिहिलेला फुगा त्यांच्या मांडीवर फुगत होता. दोन सायकलवाले थांबून बघत राहिले आणि एकाने टाळ्या वाजवल्या.

तो फुगा पाठवतेय, चुलतभाऊ तिकडे येतोय त्याच्या हाताने, पोस्टाने नाही. हा तुमच्या मुलाला मोजू दे, तुम्ही नाही. आकडा मला कळवायचा नाही, मला तो नकोच आहे. मला एकच हवंय. तो म्हणतो मी उत्तर दिलं होतं, तर त्या उत्तराचा अर्थ काय होता? एकोणीसला सकाळी मी निघणार. गाडी झालीय. रस्ता ठरायचाय.

सासूबाईंना सांगा, कुकरमध्ये सात पाण्याने धुतल्याशिवाय काही शिजवू नका.

तुमची,
सून


१५ जुलै

सौ. सूनबाईंस,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. जो घेऊन आला आहे त्याच्याकडून घ्यावं. त्याला तुमच्यासमोर बोलता येईलच याची खात्री नाही, म्हणून मी लिहून देतो. खात्री असेल तेवढंच लिहितो.

आधी माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं. ते सुचलं नाही याची लाज वाटते. बरणीतली हवा ज्याच्या लक्षात आली नाही, त्याने यापुढे साखरसुद्धा मोजू नये, असं तुमच्या सासूबाईंनी ठरवलं आहे आणि मला ते मान्य आहे.

फुगा संध्याकाळी पोचला. थोडा सुरकुतला होता. चिरंजीव दुकानातून आले, तेव्हा टेबलावर मीटर, कुकर, बॅटरी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. ते म्हणाले, "हे काय आहे?" तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बायकोचा धूर आहे. मोज."

त्यांनी फुग्याचं तोंड कुकरला लावलं आणि हळूहळू सोडला. मीटरवरच्या रेघा गेल्या. आकडा खाली येत येत थांबला. तुम्हाला आकडा नको आहे, म्हणून लिहीत नाही. पण तो बघून चिरंजीव खाली बसले, फरशीवरच.

मग मी विचारलं, त्या दिवशीचं ते उत्तर काय होतं? त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं देतो.

"बाबा, ती मागे बघून म्हणाली, खुश आहेस का. चार महिने मी ती गाडी त्या चढावर त्या आकड्यावर यावी म्हणून मरत होतो, कारण तिथे तिला सारखा गिअर बदलावा लागायचा आणि तिचा हात दुखायचा. त्या दिवशी आकडा आला आणि तिने विचारलं, दोन्ही एकदम. मी दिवसभर लोकांना विचारतो, हे बरं की हे. त्या वेळी मला दुसरी काच बघायचीच नव्हती. याहून बरं होत नाही. म्हणून मी सांगितलं, तेरा दशांश दोन. हो म्हणण्यापेक्षा ते मला जास्त वाटलं."

मी विचारलं, मग सिग्नलला सायलेन्सर बघायला उतरलास कशाला? तर म्हणाले, "सायलेन्सर बघायला नाही. मागे बसल्यावर तिचा चेहरा दिसत नाही. खुश असताना ती कशी दिसते ते पुढून बघायला उतरलो होतो."

तोवर सिग्नल हिरवा झाला.

उद्या पहिल्या बसने ते निघणार आहेत. मीटर इथेच ठेवून जाणार आहेत. मी आठवण केली, तर म्हणाले, नको.

रस्ता तुमचा तुम्ही ठरवा. मी यापुढे कुठलाही स्क्रू फिरवणार नाही.

तुमचे,
बाबा


१९ जुलै

व्याहीबुवा,

तुम्हाला आधी फोनच करणार होतो, पण म्हटलं नाही, सगळं पत्रांत झालंय तर शेवटही पत्रातच होऊ दे.

जावईबापू आले तेव्हा लेक काउंटरवर होती. त्यांनी तुमचं पत्र पुढे केलं. तिने ते उभ्या उभ्या वाचलं. तेवढ्यात एक बाई पाव मागायला आल्या, तिला काही ऐकू गेलं नाही, जावईबापूंनीच पाव दिला. चुकून केकच दिला, तो घेऊन त्या बाई पटकन निघाल्या. पत्र वाचून झाल्यावर लेक म्हणाली, "मग आता बघितलास ना पुढून?" ते म्हणाले, "बघतोय." मी आत निघून गेलो. डोळ्यांत मैदा गेला होता.

नंतरचे दोन दिवस बेकरीत बेकरीवाल्याची कुणाला गरजच नव्हती. क्रीम रोल मी या वेळी काढून ठेवले नाहीत, समोर बसवून खायला घातले. गाडीला दोघांनी हात लावला नाही. बसचं तिकीट भट्टीत गेलं. त्या दुसऱ्या गावच्या ड्रायव्हिंग स्कूलला तिनेच कळवलं की मी येत नाही.

आज सकाळी निघाली दोघं. समोरचे लोकही चादरी काढून बघायला आले. पहिल्या किकला गाडी चालू झाली. धूर म्हणाल तर दिसेलसा नाही. ती पुढे बसली, ते मागे. हात मोकळे कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना, मीटर धरायची सवय झालेली. शेवटी तिच्या खांद्यावर ठेवले.

गल्लीच्या टोकाला तिने गाडी जरा थांबवली आणि मान वळवून काहीतरी विचारलं. काय ते तुम्हाला सांगायला नको. ते म्हणाले, "हो." चांगलं मोठ्याने म्हणाले, मला इथवर ऐकू आलं.

तर आमची लेक म्हणते, "असं नाही. आकड्यात सांग."

मीटर तर तुमच्या टेबलावर. तरी त्यांनी सांगितला हो, आणि मग ती अशी हसली की समोरच्या खिडक्या उघडल्या. उजवीकडे वळून गेली दोघं, म्हणजे तुमच्याकडेच. हे पत्र मिळेपर्यंत पोचली असतील. तिची खुर्ची मोकळी करून ठेवा, मीटर उचला तिथून.

तुमचा,
बेकरीवाला